मला कुणाची नजर लागणार!

मी एक जुना डोळा आहे. उजवा. कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर नानीबाई राहते, तिच्याकडे मी जन्मापासून कामाला आहे. मित्रांनो, पन्नास वर्षं इमानेइतबारे राबल्यावर माझ्या वाट्याला काय आलं, तर मिरच्यांचा धूर!

सांगतो. माझ्यात एक मऊ भिंग आहे. जवळचं पाहायचं तर मी ते फुगवतो, लांबचं पाहायचं तर चपटं होऊ देतो. पुढे काळी बाहुली आहे. उन्हात तिला आवळतो, अंधारात पसरवतो. नानीबाई शेतातल्या म्हशीवर लक्ष ठेवायची आणि लगेच सुईत दोरा ओवायची. मधली सगळी धावपळ माझी. तिने ओढणीवर टाचलेले छोटे आरसे पाहून बायका म्हणायच्या, "काय हात हाय!" हात! माझं नाव कुणी घेतलं नाही.

पुढे वयानं भिंग ताठ झालं. कितीही जोर लावला तरी फुगेना. नेमकं तेव्हाच तिच्या लेकीचं, पूजाचं, लग्न ठरलं. आईच्या हातची ओढणी घेऊनच मांडवात उभी राहीन, हा पूजाचा हट्ट. नानीबाई सुई लांब धरू लागली, आणखी लांब, शेवटी हात संपला. अंगणात भर उन्हात मात्र दोरा ओवला जायचा. कारण साधं होतं. उन्हात बाहुली बारीक होते, प्रकाशाला अरुंद वाट उरते आणि चित्र जरा नीट उमटतं. घरात बाहुली पसरली की पुन्हा सगळं धूसर. पण नानीबाईने काय अर्थ काढावा?

"भायेर दिसतं, घरात दिसत न्हाई. म्हंजी घरालाच कुणाची नजर लागली!"

अहो बाई, नजर म्हणजे मीच की! पण ऐकतो कोण? तिने चुलीत मिरच्या टाकून घरभर धूर केला. मी लालबुंद होऊन वाहू लागलो. पाणी येतंय म्हणजे नजर उतरून राहिली, असं म्हणत तिने आणखी मूठभर टाकल्या. त्यानंतर टाचलेली आरशांची ओळ पार वाकडी गेली.

पूजाने ओळीवरून बोट फिरवलं. "राहू दे याडी, बाजारातून इकत आणू."

याडी, म्हणजे तिची आई, ओढणीची घडी घालू लागली. ते मला धुराहून जास्त झोंबलं. पूजाने तिचं तोंड पाहिलं आणि सुई-दोरा पुढे केला. "ओव बरं."

नानीबाईने हात ताणला.

"काहून इतकं लांब धरून राहिली? घराला काई झालं न्हाई याडी. तुझ्या डोळ्याला झालं."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर बॅटरी मारली. बाहुली चटकन आवळली. "बाहुली छान आहे. भिंग वयामुळे ताठ झालंय. जवळचा चष्मा लावा." मी इतके दिवस दुसरं काय सांगत होतो!

चष्मा आला. नानीबाईने वाकडी ओळ उसवली, सरळ टाचली. शेवटच्या आरशात ती वाकून बघू लागली, तेव्हा कितीतरी वर्षांनी मी स्वतःला स्पष्ट पाहिलं. सुरकुत्यांत बसलेला, लालसर, पण कामावर हजर.

"लई थकला रं तू," नानीबाई मला म्हणाली. मला भरून आलं.

मित्रांनो, वाटलं, सुटलो. ओढणी पूजाच्या डोक्यावर घालून नानीबाईने चष्मा हातात घेतला, पदराने पुसला. "गुणाचा हाय चष्मा. कुणाची नजर लागाया नको," म्हणत ती चुलीकडे निघाली आणि तिने मिरच्यांचा डबा उघडला.

मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कमी दिसलं तर डॉक्टर गाठा. मिरच्या भाजीत घाला.