बाकावरचा पहिला नग

उद्यमनगरात, लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांच्या वस्तीत, एक रीत होती. भट्टीतून काही नवं ओतून निघालं, की पहिला नग चहाच्या गाड्यापुढच्या बाकावर आणून ठेवायचा. येणारे-जाणारे तो हातात घेणार, नावं ठेवणार, आणि आठवड्यात कुणीतरी त्याहून सरस करून तिथेच आणून आपटणार. चोरी म्हणा, शाळा म्हणा. चपलेच्या धंद्यात जुनं ते सोनं चालतं. ओतकामात नाही चालत. सगळं उद्यमनगर त्या बाकावर शिकलं.

ती रीत मोडली तिथल्याच एका भट्टीच्या मालकानं, हंबीररावांनी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी पंपाचा पंखा ओतला. पाणी दीडपट फेकायचा, पण वेग धरला की पंप थरथरायचा. एवढा दोष काढू आणि मग बाकावर ठेवू, असं म्हणत त्यांनी तो पेटीत घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! दोन वर्षं एकट्यानं डोकं फोडलं, दोष निघाला नाही. हंबीरराव लपवतात म्हटल्यावर बाकीचेही लपवू लागले. बाकावर नुसता चहा उरला. पुढे मोठ्या कंपन्यांची कामं आली. ड्रॉइंग येतं, तसंच्या तसं ओतायचं, केसभर बदलायची मुभा नाही.

परवा आपली जुनी शेड रिकामी करताना त्यांनी ती पेटी उघडली. पंखा घेऊन हंबीरराव बाकावर गेले. तिथे शंकरप्पा बसले होते, एके काळचे लाकडी साचे कोरणारे.

"हे कवाचं?"

"अठ्ठावीस वर्सं झाली. पंप थरथरतोय. का, ते कळलंच न्हाय बघ."

शंकरप्पांनी पात्यांवरून बोटं फिरवली. चहा निवायच्या आत म्हणाले, "सहा पाती कशाला केलीस? समोरासमोरची दोन एकदमच धक्का देत्यात. पाच कर की. थरथर जातीय."

"येवढंच?"

"येवढंच. तवाच हितं ठिवला असतास, तर तवाच सांगितलं असतं."

हंबीररावांना स्वतःची लाज वाटली. म्हणाले, "आता करूया की, पाच पात्यांचा."

"साचा कोरायचं सोडून धा वर्सं झाली मला. आन् वतणार कुठं? समद्या भट्ट्या कंपनीच्या ड्रॉइंगला बांधल्यात."

तरी हंबीररावांनी पंखा बाकावरच ठेवला. कुणी हातात घेईल, निदान नावं तरी ठेवील. संध्याकाळी ते पुन्हा चक्कर मारून आले. पंखा जागचा हलला नव्हता. चहाचा रिकामा ग्लास तेवढा कुणीतरी त्याच्यावर ठेवून गेलं होतं.