मडमेची पाठ

धाकट्या सुनेला काही विचारलं की ती आधी पुस्तकात बघते आणि मग माणसाच्या तोंडाकडे, ही तिच्या सासूची, मोठ्या बाईंची, जुनीच तक्रार. पण त्या दिवशी तिनं कहर केला. मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं शिवलेला निळा झगा तिनं कुणाला न विचारता मागून उसवून ठेवला, आणि तोही नटी घालून बघायला येणार त्याच दिवशी.

नाटकांचे पोशाख शिवायचं हे दुकान मोठ्या बाईंना त्यांच्या सासूकडून मिळालं, आणि त्याबरोबर एक जाडजूड परदेशी पुस्तक. त्यात जुन्या काळच्या मडमांची रंगीत चित्रं. पानापानावर एकेक मडम छत्री नाहीतर पंखा धरून उभी. खालचा मजकूर घरात कुणाला वाचता येत नव्हता आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. अडायचं ते एकाच ठिकाणी. सगळ्या मडमा समोरून काढलेल्या; मागे काय, ते चित्रकारालाच ठाऊक. म्हणून दुकानाचा शिरस्ता असा, की पुढची बाजू पुस्तकाची आणि पाठ घरातल्या थोरलीची. त्यांच्या सासूबाईंनी कमरेमागे कापूस ठासलेली उशी आणि वर भलीमोठी गाठ ठरवली. मोठ्या बाईंनी ती जन्मभर चालवली. त्या उशीपायी एकाही नटीला रंगमंचावर बसता येत नसे. नाटकवाले चेष्टेनं म्हणत, या घरच्या मडमा उभ्या जन्मल्या नि उभ्याच मरणार. मोठ्या बाई सुनावत, की खानदानी बाई ऊठसूट बूड टेकत नाही.

सुनेनं मात्र जुन्या पुस्तकवाल्याकडून दुसरंच पुस्तक परत द्यायच्या बोलीवर आणलं होतं. त्यात कपड्यांची नव्हे, त्या लोकांच्या राहणीची चित्रं होती: जेवणावळी, नाच, पत्त्यांचे डाव. एका पानावर काही मडमा चहाला बसलेल्या, त्यातली एक पाठमोरी, थेट तशाच निळ्या झग्यात. तिच्या पाठीला ना उशी ना गाठ. नुसत्या सैल चुण्या, खुर्चीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या.

मोठ्या बाईंनी पान उजेडात धरलं. चित्रकार चुकला असेल, म्हणाल्या. मग म्हणाल्या, ही मोलकरीण असेल. सून म्हणाली, मोलकरीण तिकडे किटली धरून उभी आहे. ज्या पाठीच्या जोरावर त्या इतकी वर्षं थोरल्या म्हणून मिरवल्या, ती पाठच खोटी निघाली होती, आणि शिवणाऱ्या बायका सुया थांबवून ऐकत होत्या.

नटी आली. सुनेनं झग्याच्या मागे टाचण्यांनी चुण्या लावून दिल्या. नटीनं आरशासमोर गिरकी घेतली आणि सवयीनं उभीच राहिली. मोठ्या बाईंनी पायानं स्टूल पुढे सरकवलं नि तिला बस म्हणाल्या. ती आधी भीतभीत टेकली, मग ऐसपैस बसली. चुण्या चित्रातल्यासारख्या खाली उतरल्या.

मोठ्या बाईंनी एक टाचणी काढून बोटभर वर लावली आणि सुनेकडे वळल्या.

"पाठ तुझी बरोबर आहे. पण माझी शिवण माझ्या माघारी उसवलीस, हे चोराचं काम झालं. यापुढे या घरातल्या पाठी तू ठरवायच्या, आणि उसवायचं ते माझ्या डोळ्यांदेखत. आता उभी काय राहिलीस? टाके घाल."