मागच्या दाराचं कुलूप

कुलपाच्या तोंडात तेलाचे चार थेंब सोडून संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी ते फडक्याने पुसलं आणि कापलेल्या साखळीसकट टेबलावर ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वी गिरणीला आग लागली, तेव्हा बंबवाल्यांनी मागच्या दाराची साखळी कापली होती. आत अकरा बायका गुदमरून गेल्या होत्या. संपाचे दिवस होते. बायकांनी बाहेरच्या सभेला जाऊ नये म्हणून दाराला कुलूप घातलं होतं, असं सगळं गाव म्हणे. चौकशीचा अहवाल म्हणाला, दार उष्णतेने अडकलं. कुलूप इतकी वर्षं एका बंबवाल्याच्या माळ्यावर पडून होतं. परवा त्याच्या सुनेने ते संग्रहालयाला आणून दिलं.

"कार्डावर 'जुनं पितळी कुलूप' एवढंच लिहा," संग्रहालयाच्या सचिवांनी सकाळीच बजावलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ते त्याच दाराचं, याला पुरावा काय?"

पुराव्यापाशीच बाईंचं घोडं अडलं होतं.

तेवढ्यात काठी टेकत त्यांचे बाबा आत आले. बाईंच्या वीस वर्षांच्या नोकरीत ते इथे कधी फिरकले नव्हते. आल्या आल्या त्यांनी पायातली चप्पल काढून दार मिटू नये म्हणून त्याच्याखाली अडकवली. घरीही ते कुठल्या दाराला कडी लावू देत नसत. न्हाणीघराला नुसता पडदा. त्यावरून आईने त्यांना जन्मभर टोमणे मारले होते.

"काल जेवताना म्हणालीस ते कुलूप दाखव."

बाबा गिरणीत पहारेकरी होते, पण पुढच्या फाटकावर, असंच त्यांनी घरात सांगितलं होतं. त्यांनी आतल्या खिशातून एक चावी काढली. कुलूप पहिल्याच फेऱ्यात उघडलं.



"लाव म्हणून साहेबांनी सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "धूर दिसला तेव्हा चावी माझ्याच खिशात होती. काढू का म्हणून मी साहेबांना विचारायला गेलो."

बाहेर तिकिटं फाडणारी मुलगी त्या अकरांतल्या एकीची नात होती. आत्ता तिनेच बाबांना हात धरून पायऱ्या चढवल्या असणार. बाईंना इकडे आड, तिकडे विहीर झालं.

"चावी घरी न्या, बाबा. मी काही पाहिलं नाही." बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"होतं तसं ठेव. लावलेलं."

बाबांनी कुलूप दाबून पाहिलं, पण बोटांत जोर नव्हता. त्यांनी ते लेकीपुढे धरलं. बाईंनी दोन्ही हातांनी दाबलं आणि ते लागलं. मग त्यांनी नोंदवही ओढली, चावी देणाऱ्याचं नाव लिहिलं आणि थांबल्या.

"पुढे काय लिहू?"

"पहारेकरी. मागचं दार."

त्यांनी तसंच लिहिलं.

"आजोबा, चप्पल दारातच राहिली तुमची," तिकिटाची मुलगी डोकावली. "देऊ आणून? दार लोटून घेते."

बाबांनी लेकीकडे पाहिलं.

"राहू दे उघडं," बाई म्हणाल्या. "आणि तू जरा आत ये."