टाकीच्या मागे

इंजिन बंद पडलं तेव्हा खाली फक्त समुद्र होता आणि ओहोटीत उघडा पडलेला वाळूचा एक पट्टा. तिने विमान तिथेच उतरवलं. चाकं मोडली, आणि विमान पोटावर घसरत जाऊन थांबलं.

ती उडी मारून खाली उतरली. बाबा मागच्या जागेवरच होते. एवढा पल्ला याआधी कुणी गाठला नव्हता, म्हणून दोन्ही जागांच्या मध्ये पेट्रोलची जादा टाकी बसवली होती. ही टाकी बाबांच्या मांड्यांवर आडवी यायची. प्रत्येक मुक्कामी ती पान्याने टाकीचे चार बोल्ट काढायची, रिकामी टाकी सरकवायची आणि मग बाबा बाहेर येत. पण हादऱ्यांनी बोल्ट सैल होऊ लागले होते. ते सुटू नयेत म्हणून आज सकाळी आत बसल्यावर बाबांनी बोल्टांची टोकं स्वतःच ठोकून चपटी केली होती. आता शेवटचाच टप्पा, पुढे पोचल्यावर कुणीतरी कापून देईल, म्हणाले होते.

तिने पान्याला लोंबकळून पाहिलं. बोल्ट तसूभरही हलला नाही.

"बाबा, छिन्नी कुठे आहे?"

"जिथे तू ठेवलीस तिथे. हातोडी, छिन्नी, सगळी पेटी सकाळी उतरवलीस. वजन फार होतंय म्हणे."

"मग माझं वजन उतरवायचं होतं."

"सुचलं होतं, ठमे. पण चालवायला कोण?"

ती हसली नाही. भरतीचं पाणी चाकांच्या तुकड्यांपर्यंत आलं होतं.

"टाकीची तोटी उघड," बाबा म्हणाले. आता आवाज कारखान्यातला, हाताखालच्या माणसांना दरडावणारा. "सगळं पेट्रोल जाऊ दे. मग तोटी घट्ट बंद कर. रिकामी टाकी बुडत नाही."

तिने तोटी उघडली. पाच हजार मैलांच्या शेवटच्या टप्प्यासाठी थेंब थेंब मोजलेलं पेट्रोल वाळूत जिरत गेलं. वासाने डोळे चुरचुरत होते. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत. धार बारीक होऊन थांबली. तिने तोटी आवळली, पुन्हा आवळली, आणि पंखावर चढून बाबांशेजारी पालथी पडली.

पाणी बाबांच्या छातीशी आलं. विमानाच्या नाकावरचा पंखा बुडाला. मग विमानाच्या पोटाखालून करकर आवाज आला आणि रिकाम्या टाकीच्या जोरावर ते अख्खं जडपणे वाळूवरून सुटलं. पाणी बाबांच्या गळ्याशी येऊन तिथेच राहिलं.

"तू पोहत जा. किनारा दिसतोय," बाबा म्हणाले.

"दिसतोय."

"मग?"

"गप्प बसा. तोंडात पाणी जाईल."

लाट आली की त्यांचं डोकं मागे कलंडत होतं. तिने त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला. दाढीचे खुंट टोचले. पाणी उतरायला अजून पाच तास होते. तिने कोपर पंखावर नीट टेकवलं, म्हणजे हात लवकर भरून येणार नाही.