पारण्याच्या सकाळी तुटलेली तार

“भाबी, चक्कीकडे इचं तोंड करजा. खरखर मरते, दूरचा आवाज येते.”

अजितकुमारचे ते शब्द मला अजून ऐकू येतात. मित्रांनो, मी मंगरूळपीरची एक जुनी लूप अँटेना आहे. सागवानी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे, आणि पायाशी साबणदाणीत बसवलेला छोटासा ॲम्प्लिफायर. शॉर्टवेव्हवरून थकून आलेला आवाज मी धरायचा, त्याने मोठा करून रेडिओला द्यायचा, असे आमचे ठरलेले. मला घडवले अजितकुमारनेच. माझे तोंड जिकडे असते, तिकडची खरखर मला ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्या चक्कीच्या मोटरकडे मला वळवायचे.

त्याचे थोरले भाऊ भागचंदशेठ तेव्हा पाहुण्यांना ओढून आणत. “पाहा आमच्या अजितची करामत!”

शेजारचे चक्कीवाले पुंजाजी हसत. “म्हंजे माह्या चक्कीले मुकी केली म्हना!”

मग १९७४ साली अजितकुमारला परदेशी रेडिओ केंद्राच्या हिंदी विभागात नोकरी लागली. शेठ म्हणाले, दुकान सोडशील तर घरही सुटले. तो गेलाच. निघताना वहिनीला, हीराबाईंना, म्हणाला, “पर्युषण सरलं की पारण्याच्या सकाळी रेडिओवरून दादाची माफी मागीन.”

“तुमचा आवाज ऐकल्याबिगर मी पारणं नाई सोडणार,” त्या म्हणाल्या.

त्या वर्षी पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या संध्याकाळी, शेठनी घरादाराची, गड्यांची, मुंग्यांचीसुद्धा हात जोडून क्षमा मागितली. आणि त्याच हातांनी अडकित्ता घेऊन माझी तार तोडली. ज्यांनी मला मिरवले, त्यांनीच! परक्याने तोडली असती तर एवढे लागले नसते हो.

सकाळी हीराबाईंनी लोंबती टोके पाहिली. “काल मुंग्यायलेही खमावलं तुमी. सख्ख्या भावाले काहून नाई?”

“मुंग्या दुकान टाकून पळत नाईत.”

मित्रांनो, वस्तू मुकी असते, म्हणून तिच्यावर राग काढू नका. तिच्यातून कुणीतरी आपल्याशी बोलायला निघालेले असते.

हीराबाईंना आठ दिवसांचा उपास होता. त्यांनी पारण्याचे मुगाचे पाणी झाकून ठेवले आणि मला पदराखाली घेतले. पुंजाजींकडे ट्रान्झिस्टर होता, आणि तार जोडणारे हातही.

“येते,” एवढेच म्हणून त्या उंबरा उतरल्या, आणि जिच्याकडे तोंड करून मी जन्मभर जिचा आवाज नाकारला, त्या चक्कीकडे चालू लागल्या.