मिस्त्री आत आहेत

‘आत.’

अकरा वाजून दहा मिनिटांनी बाबांनी लिहिलेला एवढाच शब्द. आता बारा वाजायला आले होते आणि ‘बाहेर’ काही आलं नव्हतं. बाळाला पाजता पाजता माझाच डोळा लागला होता.

घशाच्या ऑपरेशनपासून बाबांना आवाज नाही, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. पण पाणीखात्यातल्या पंपघरांची कॉम्प्युटरवर, आयआरसी नावाच्या जुन्या सेवेवर, एक चॅटरूम आहे. ना फोटो ना आवाज, नुसती अक्षरं. सगळे तिथे टाक्यांची पातळी लिहितात, मधूनच एकमेकांची टर उडवतात. बाबा तिथले ‘मिस्त्री’, बाकीचे आपापल्या टाकीच्या नंबराने. मला त्यांनी गुपचूप घुसवलं होतं, ‘पाहुणी’ म्हणून. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात एकट्याने उतरायचं नाही, असा नियम. पण जोडीदाराची जागा वर्षभर रिकामी. म्हणून उतरताना ते फक्त मला लिहायचे, ‘आत’. वीस मिनिटांत ‘बाहेर’. वर पहाऱ्याला मी, घरी बसून, मांडीवर बाळ घेऊन.

“बाबा?” मी फक्त त्यांनाच लिहिलं. “बाबा, काहीतरी लिहा ना.”

पिंग केलं, म्हणजे लाइन चालू आहे का विचारणारा इशारा पाठवला. लगेच उत्तर! जिवात जीव आला, आणि मग कळलं, उत्तर त्यांच्या कॉम्प्युटरने आपणहून दिलंय. समोरच्या खुर्चीत कोणी आहे की नाही, त्याला काय त्याचं!

खड्ड्यात वायू साठतो. बाबाच म्हणाले होते, वास येत नाही, नुसती झोप येते.

सगळ्यांसमोर लिहिलं तर साहेब वाचणार. निवृत्ती आठ महिन्यांवर, आणि नियम मोडला म्हणून घरी बसवतील. “काहीही झालं तरी रूममध्ये तोंड उघडायचं नाही,” अशी बाबांची ताकीद. एकेक अक्षर दोनदा पुसलं.

“मिस्त्री खड्ड्यात एकटे आहेत. पाऊण तास झाला. कोणीतरी धावा.”

टाकी तीन : “अगं पाहुणी, तुला बोलता येतं होय! कोण गं तू?”

“मुलगी.”

टाकी तीन : “निघालोच, पोरी. रडू नकोस.”

साहेब : “दोर आणि पंखा आल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. मीही निघालोय.”

बाळ रडून रडून खांद्यावर झोपलं. मला पापणी मिटायचीही भीती वाटत होती. अशी सव्वीस मिनिटं गेली.

टाकी तीन : “काढलं वर. चढताना कमरेचा पट्टा शिडीत अडकला होता. झाकणाजवळ होते, वरची हवा मिळाली म्हणून निभावलं. शुद्धीवर आहेत. दवाखान्यात नेतोय.”

त्याखाली थोड्या वेळाने आणखी एक ओळ उमटली. साहेबांनी ‘मिस्त्री’ला रूममधून काढलं होतं.

संध्याकाळी बाबा घरी आले. रागावले नव्हते. बाळाने हात पसरले, तरी त्यांनी घेतलं नाही. आधी बेसिनपाशी गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मी टॉवेल पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. दोन्ही हात नुसते माझ्यासमोर धरले.

मी एकेक बोट पुसत राहिले.