दगडाबाईची चुंबळ

डोकं आणि घागर यांच्यामधली जागा माझी. मी दगडाबाईची चुंबळ बोलतेय, ताडकळसची. तिच्या लग्नातलं लुगडं फाटलं, तेव्हा तिनंच त्याची पट्टी पिळून मला वळलं. राज्य निजामाचं होतं, आड गावाबाहेर होता आणि दिवसाच्या आठ खेपा ठरलेल्या.

तिची पाच बाळंतपणं मी पाहिली. आमच्याकडे बाराव्या दिवशी बाळंतीण आड पुजते आणि येताना भरली घागर डोक्यावर घेऊन येते. एकदा आड पुजला की खेपा सुरू. बाई अजून सावरलेली नसते, पण ते बघतंय कोण?

चौथ्या बाळंतपणानंतर तिचं अंग बाहेर यायला लागलं. घागर चढली की गर्भाची पिशवी खाली उतरायची. लघवीला बसली की थेंबथेंब. हातानं अंग आत सारावं, तेव्हा कुठे व्हायची. मग तिनं स्वतःच उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. साऱ्या घराचं पाणी माझ्यावरून गेलं, पण तिच्या पोटात दोन घोट जाईनात.

अशी सात वर्षं गेली. तोंड सुजलं, बरगडीखाली कळा यायला लागल्या. शेजारणी म्हणाल्या, दगडाबाई अंगानं भरली. नवरा मुंजाजी काळजीनं हकीमाकडे गेला, पण एकटाच. येऊन सांगत होता, "हकीमसायबानं इचारलं, पेशाब साफ व्हतो का? म्या म्हणलं, व्हतो की."

बायकोला न विचारता माणूस इतक्या खात्रीनं कसं बोलतो, देव जाणे. दगडाबाई खाली मान घालून भाकरी थापत राहिली. मला तिचाही राग आला.

संक्रांतीनंतर हुडहुडी भरून ताप आला आणि दोन दिवस लघवी झालीच नाही. सुईण बायनाबाईनं तिला तपासलं आणि बाहेर येऊन मुंजाजीला सुनावलं, "आंग भाईर हाय तिचं. त्याच्यानं मूत तुंबलंय. हकीमाला काय सांगून आलाव तुमी?"

मुंजाजीनं गाडी जुंपली. पूर्णेहून रेल्वेनं तिला हैदराबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी दीड महिना खुंटीवर लटकले.

परतली तेव्हा अर्धी झाली होती. बायनाबाईला म्हणाली, "नळी घालून मूत काढलं. आंग आत बसवून रबराचं कडं लावलंय. मूत तुंबून येक गुर्दा गेला. दुसरा हाय, त्याला जपायचं. पानी लय प्यायचं, वजन उचलायचं न्हाई." लवकर आली असतीस तर दोन्ही वाचले असते, असंही तिथली डॉक्टरीण म्हणाली होती. ते तिनं मुंजाजीला ऐकू जाईल असं सांगितलं.

पुढे मी सुनेकडे, कस्तुराकडे गेले. निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात कस्तुरा बाळंत झाली. बाराव्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं. दगडाबाईनं मला तिच्या हातातून घेतलं आणि माझा पीळ सोडवला.

"आड पूज. घागर तुजे मामंजी आणतेल."

आता मी फडकं आहे, बाळाच्या झोळीत अंथरलेलं. वाईट वाटत नाही. एकच सांगते, घरातली बाई पाणी प्यायचं टाळत असेल तर तिला विचारा. तिच्या वतीनं उत्तर देऊ नका.

मुंजाजीनं त्या दिवशी उघड्या खांद्यावर घागर आणली. पहिला तांब्या दगडाबाईपुढे धरला आणि ती पिऊन होईपर्यंत तिथेच उभा राहिला.